दुरुस्त केले, मग नापास का?

युनिक्स घराण्यातल्या प्रणालींवर कमांड लाइनचा प्रोग्रॅम संपताना 0 ते 255 मधला एक आकडा मागे ठेवतो, तो एक्झिट कोड. 0 म्हणजे सारे ठीक, इतर काहीही म्हणजे गडबड. नुसत्या तपासनिसाला हे सोपे आहे. चुका शोधून स्वतःच सुधारणाऱ्या साधनाने मात्र काय सांगावे? जावास्क्रिप्टचा कोड तपासणारे ईएसलिंट फिक्स पर्यायासह चालवले आणि सगळ्या चुका सुधारल्या, तर ते 0 देते. पायथॉनसाठीचे रफही मुळात तसेच वागते. कमिट होण्याआधी तपासण्या चालवणारे प्री-कमिट मात्र हुकने, म्हणजे अशा एखाद्या तपासणीने, फाइल बदलली की ती पायरी नापास ठरवते. मला हा कडकपणा पटतो, कारण सर्व्हरवरच्या स्वयंचलित तपासणीत दुरुस्ती होते ती तात्पुरत्या प्रतीत. ती प्रत काम संपताच पुसली जाते आणि मूळ भांडारातला कोड जसाच्या तसा राहतो. लासलगावच्या लिलावात नमुन्याचे कांदे निवडून साफ केले, म्हणून ट्रॉलीतला माल साफ होत नाही.

यावर आक्षेप असा, की सांगितलेले काम साधनाने चोख केले, मग त्याला अपयशी का म्हणायचे? स्वतःच्या संगणकावर बसलेल्या प्रोग्रॅमरपुरता तो रास्त आहे. दर वेळी लाल शेरा आला, तर तो शेरा पाहणेच सोडून देईल. म्हणूनच रफने बदल होताच 1 देणारा वेगळा पर्याय ठेवला आहे, आणि पायथॉन कोडची मांडणी सुधारणारे ब्लॅक एरवी फाइल बदलून 0 देते, पण चेक पर्यायासह, बदल लागणार असेल तर, फाइलला हात न लावता 1 देते. सर्व्हरवर हेच पर्याय लावावेत.