क्युबाचा ऊस आणि सोव्हिएत करार: एकाच खरेदीदारावर अवलंबून राहिल्याचे परिणाम

ऊस उत्पादक शेतकऱ्यांना हमखास खरेदी आणि चांगला दर हवा असतो. कॅरिबियन समुद्रातील क्युबा या बेटाला सुमारे तीस वर्षे हे दोन्ही मिळाले. तरीही तेथील ऊसशेती टिकली नाही. असे का झाले, ते समजून घेऊ.

करार कसा झाला?
१९५९ च्या क्रांतीपूर्वी क्युबाच्या साखरेचा मुख्य ग्राहक अमेरिका होता. फेब्रुवारी १९६० मध्ये सोव्हिएत नेते मिकोयान हवानाला आले आणि साखर खरेदीचा पाच वर्षांचा करार झाला. मे महिन्यात राजनैतिक संबंध पूर्ववत झाले. जुलैमध्ये अमेरिकेने क्युबाचा त्या वर्षीचा उरलेला ७ लाख टनांचा साखर कोटा रद्द केला. त्यामुळे क्युबाची साखर मॉस्कोकडे वळली. बदल्यात खनिज तेल, खते, ट्रॅक्टर व सुटे भाग येऊ लागले.

दर चांगला, पण पाया कच्चा
१९६४ च्या करारात साखरेला पौंडाला ६.११ सेंट दर ठरला. १९६६-६७ मध्ये जागतिक बाजारात तो २ सेंटच्या आसपास होता. म्हणजे क्युबाला तिप्पट भाव मिळत होता. मात्र हा भाव बाजाराने नव्हे, तर राजकीय मैत्रीने दिलेला होता. त्याच्या भरवशावर क्षेत्र उसाखाली राहिले आणि अन्नधान्य बाहेरून येत राहिले. १९७० मध्ये १ कोटी टन साखरेचे उद्दिष्ट ठेवून शहरातील लोकांनाही तोडणीला लावले. साखर सुमारे ८५ लाख टन झाली, पण इतर उत्पादन घसरले.

१९९१ नंतर काय बिघडले?
डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपुष्टात आला. ग्राहक गेला, त्याबरोबर डिझेल, खते आणि सुटे भागही गेले. उसाच्या दृष्टीने नुकसान असे झाले:
- खताअभावी खोडव्याचे उत्पादन दरवर्षी घटत गेले.
- नवीन लागण लांबली. जुने खोडवेच राखावे लागले.
- परकीय चलनाच्या गरजेपोटी अपक्व ऊस तोडला गेला. त्यामुळे पुढच्या हंगामाचा ऊस कमी पडला.
- वाहने व कारखाने बंद पडल्याने तुटलेला ऊस पडून राहिला आणि साखर उतारा घटला.

१९९० च्या सुमारास ८० लाख टनांवर असलेले साखर उत्पादन १९९३ मध्ये निम्म्यावर आले. २००२ मध्ये १५६ पैकी सुमारे ७० कारखाने कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. २०२२-२३ च्या हंगामात उत्पादन जेमतेम साडेतीन लाख टन होते.

संकटात काय उपयोगी पडले?
ट्रॅक्टर थांबल्यावर बैलजोड्या पुन्हा औताला आल्या. ॲझोटोबॅक्टर, रायझोबियम ही जिवाणू खते, तसेच ट्रायकोग्रामा व बिव्हेरिया स्थानिक केंद्रांत तयार होऊ लागले. हवानात मोकळ्या जागांवर सेंद्रिय भाजीपाला पिकू लागला. भाजीपाल्याला याचा मोठा आधार मिळाला. मात्र साखर उद्योग यामुळे सावरला नाही आणि धान्याची आयातही थांबली नाही. पर्यायी निविष्ठांची घडी संकटाआधीच बसवावी लागते.

आपण काय करावे?
आपल्याकडील म्युरेट ऑफ पोटॅशही आयात होते. त्यात कॅनडा आणि रशिया हे मोठे पुरवठादार आहेत. तेथील घडामोडींचा परिणाम आपल्या खताच्या गोणीवर होतो. म्हणून:
१. माती परीक्षणानुसारच खत द्या.
२. पाचट जाळू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतातच कुजवा. त्यातून पालाशही परत मिळते.
३. बेणेप्रक्रियेत जिवाणू खते वापरा.
४. लागणीत हरभरा, भुईमूग यांसारखे आंतरपीक घ्या.
५. सर्व क्षेत्र उसाखाली न ठेवता वेगळ्या बाजारपेठेचे किमान एक पीक ठेवा.

करार करताना दराबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: हा खरेदीदार उद्या नसला, तर माझे पीक कोठे जाईल? याचे उत्तर लागणीपूर्वीच तयार ठेवा.