लायडनची निळी पोरं

हेलियम द्रवरूप करायचा तर थर्मोडायनॅमिक्स यावं लागतंच. पण त्याआधी न गळणारा पंप लागतो. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात १८८२ साली प्राध्यापक झालेल्या हाइके कामर्लिंग ओनेस यांना हे लवकर उमगलं. बाजारात न मिळणारी उपकरणं प्रयोगशाळेतच घडवायची, तर ती घडवणारे हातही तिथेच तयार व्हायला हवेत. १९०१ साली त्यांनी त्यासाठी संस्था काढली आणि उपकरणकारांची शाळा प्रयोगशाळेलाच जोडून घेतली. निळे डगले घालून काम शिकणाऱ्या तिथल्या मुलांची ओळखच ‘निळी पोरं’ अशी झाली. ही शाळा लायडनमध्ये आजही आहे आणि काचकाम तिथे अजून शिकवतात.

यंत्रकाम पाहायचे गेरिट यान फ्लिम, तर काचकाम ऑस्कर केसलरिंग. केसलरिंग यांच्यापुढचं काम नुसतं समजून घेतानाही घाम फुटावा. द्रव हेलियम डोळ्यांना दिसायला हवा, म्हणून भांडं काचेचं. उष्णता आत शिरू नये म्हणून भिंत दुहेरी, मधे निर्वात. त्याभोवती द्रव हायड्रोजनचं भांडं, त्याभोवती द्रव हवेचं आणि काचेवर दव धरू नये म्हणून सर्वांत बाहेर अल्कोहोल. एवढ्या थंडीत काच आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. एक सांधा तडकला की सगळं मुसळ केरात.

१० जुलै १९०८ च्या पहाटे सुरू झालेला प्रयोग रात्रीपर्यंत चालला. उणे २६९ अंश सेल्सिअसला साठेक मिलिलिटर द्रव हेलियम हाती आला. १९१३ चं नोबेल ओनेस यांना मिळालं. शोधनिबंधात त्यांनी फ्लिम आणि केसलरिंग यांचे आभार मानले आहेत. त्या काळात तेवढंही कितीजण करत? लेखक म्हणून मात्र नाव एकच. १९११ मध्ये पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला (हीच अतिवाहकता), तेव्हा हेलियमची यंत्रणा फ्लिम सांभाळत होते आणि विद्युतरोध खिल्स होल्स्ट मोजत होते. त्या निबंधावरही सही एकट्या ओनेस यांची.

त्या शोधाची एक दंतकथा फार लाडकी आहे. हेलियमच्या दाबावर लक्ष ठेवायला बसवलेल्या निळ्या पोराला म्हणे डुलकी लागली, दाब चढला, तापमान वाढलं आणि गेलेला रोध एकदम परत आला. पुढे नोंदवह्या तपासल्या गेल्या, तेव्हा या गोष्टीला आधार सापडला नाही. खरी-खोटी सोडा, शोधाच्या गोष्टीत तंत्रज्ञाला कधी नव्हे ती जागा मिळाली आणि तीही पेंगताना, हे मला खटकतं.

जागे असताना ही माणसं काय करू शकत, ते १९३२ च्या जूनमध्ये दिसलं. ओनेस वारून सहा वर्षं झाली होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अतिवाहकतेवर व्याख्यान होतं आणि त्यासाठी फ्लिम लायडनहून विमानाने निघाले. सोबत द्रव हेलियमच्या भांड्यात शिशाचं एक कडं होतं. त्यात २०० अँपिअरचा प्रवाह बॅटरीविना फिरत होता, आणि लंडनच्या श्रोत्यांसमोर ते कडं मांडलं तेव्हाही तो चालूच होता.