चांदोबाची आठवण

घरातील माळ्यावरची जुनी ट्रंक दिवाळीच्या साफसफाईत खाली उतरते, तेव्हा तिच्यातून अनेक विस्मृत वस्तू बाहेर पडतात. त्यांतच एखादे पिवळे पडलेले, कडा झिजलेले मासिक हाती लागते. घरातील तरुण मंडळी त्याची रवानगी रद्दीच्या ढिगात करू पाहतात. परंतु आजोबा ते हळूच उचलून घेतात, चष्मा सावरतात आणि तेथेच जमिनीवर बसून वाचू लागतात. पानावरच्या चित्रात राजा विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन, हाती तलवार धरून स्मशानातून चाललेला असतो. ते चित्र दृष्टीस पडताच साठ वर्षांचे अंतर क्षणात नाहीसे होते आणि आजोबा पुन्हा दहा वर्षांचे होतात. या अनुभवाला मराठीत 'स्मरणरंजन' असे अर्थपूर्ण नाव आहे.

आश्चर्याची गोष्ट अशी, की या भावनेची गणना एके काळी रोगांत होत असे. इ. स. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तिच्यावर प्रबंध लिहिला. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द बनवला. मायदेशाच्या ओढीने माणूस खंगत जातो आणि घरी परतणे हेच त्यावरचे औषध, असे त्याचे मत होते. पुढे या शब्दाचा अर्थ पालटला. दूर राहिलेल्या गावाची जागा मागे पडलेल्या काळाने घेतली. गावी परत जाता येते. बालपणात मात्र परत जाता येत नाही. म्हणूनच माणूस बालपणीची चित्रे आणि गोष्टी यांच्या आधाराने त्या काळाचे दार ठोठावीत राहतो.

आजोबांच्या हातातील मासिकाचाच इतिहास पाहा. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी जुलै १९४७ मध्ये मद्रास येथे तेलुगू व तमिळ या भाषांत मुलांसाठी एक मासिक सुरू केले. पुढे ते अनेक भारतीय भाषांत निघू लागले आणि १९५२ साली 'चांदोबा' या नावाने मराठी घरांत आले. त्यातील विक्रम-वेताळाच्या कथांचे मूळ 'वेतालपंचविंशति' या प्राचीन कथासंग्रहात आहे. मूळ कथा पंचवीसच. परंतु मासिकाने तीच चौकट ठेवून तिच्यात नवनव्या कथा गुंफल्या आणि वर्षानुवर्षे हा क्रम चालू ठेवला. मुलांना पुराणकथा आणि लोककथा पुष्कळदा आजीच्या तोंडून ऐकून ठाऊक असत. येथे त्यांना रंग आणि रूप मिळाले.

अशा वस्तूंची आठवण इतकी खोल का रुजते? याची कारणे तीन सांगता येतील. पहिले कारण अनुभवाचे नावीन्य होय. आयुष्यात प्रथम पाहिलेले समुद्राचे दर्शन जसे विसरत नाही, तसेच प्रथम भेटलेले कथानायकही विसरत नाहीत. दुसरे कारण प्रतीक्षा. मासिक महिन्यातून एकदाच येई. त्यामुळे पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लागून राहत आणि हाती आलेला अंक पाठ होईपर्यंत वाचला जाई. तिसरे कारण सहवास. एक अंक, त्याभोवती चार भावंडे आणि 'आधी मी' म्हणून होणारी ओढाताण, हे सारे त्या गोष्टीला कायमचे चिकटून राहते. वस्तुतः आठवते ती केवळ गोष्ट नव्हे. ती वाचताना शेजारी बसलेली माणसे आठवतात.

हीच गोष्ट पुढच्या पिढीबाबत दूरदर्शनने घडवली. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले, तरी खेडोपाडी संच पोहोचण्यास आणखी बरीच वर्षे लागली. ज्याच्या घरी संच असे, त्याच्याकडे सारी आळी जमत असे. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी 'जंगल बुक' ही चित्रमालिका लागू लागली आणि मोगली हा घरोघरच्या मुलांचा सवंगडी झाला. मोगलीचा निर्माता रडयार्ड किपलिंग हा इंग्रज लेखक १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे 'जंगल बुक' १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून १९८९ मध्ये चित्रमालिका काढली ती जपानी कलावंतांनी. आणि महाराष्ट्रातील मुलांनी ती पाहिली हिंदीतून. तरीही ती मुले आज मोठेपणी तिला 'आमच्या लहानपणची' म्हणतात. आपलेपणा हा वस्तूच्या जन्मस्थानावर अवलंबून नसतो, तर तिच्यासोबत घालवलेल्या दिवसांवर अवलंबून असतो, हेच यावरून दिसते.

तथापि, स्मृती ही विश्वासू असली तरी निःपक्षपाती नसते. आठवण म्हणजे पेटीत जपून ठेवलेले छायाचित्र नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना मन ते चित्र नव्याने रंगवते. त्या ओघात उन्हाळ्याचा उकाडा, परीक्षेची धास्ती आणि वडिलांचा मार हे पुसट होत जातात, आणि गोडवा तेवढा गडद होतो. यातूनच 'आमच्या वेळी सारेच चांगले होते' हा ग्रह निर्माण होतो. गोष्टींचे मासिक अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले म्हणून ज्यांनी बोलणी खाल्ली, तेच पुढे नातवंडांच्या व्यंगचित्रपटांना नावे ठेवू लागतात! आजच्या मुलांचे आवडते नायकही उद्या त्यांच्यासाठी चांदोबाच होणार आहेत, हे मोठ्यांनी विसरू नये.

स्मरणरंजन हा आता रोग मानला जात नाही. इंग्लंडमधील साउथॅम्पटन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांना तर असे आढळले, की अशा आठवणींनी एकटेपणाची भावना कमी होते आणि आपल्या माणसांशी असलेले नाते मनात जागे होते. घरापासून दूर राहणाऱ्यांना आणि वृद्धांना हा आधार लहान नव्हे.

परंतु आठवणीला टिकण्यासाठी कोणीतरी ऐकणारे लागते. 'चांदोबा'चे प्रकाशन २०१३ च्या सुमारास थांबले. विक्रम-वेताळाची चित्रे काढणारे चित्रकार शंकर २०२० साली निवर्तले. जुने अंक रद्दीत जात आहेत आणि ते ज्यांनी वाचले ती माणसेही थकत चालली आहेत. एक अंक रद्दीत गेला तर कदाचित दुसरा कोठेतरी सापडेल. पण आजोबांबरोबर त्यांचे बालपण गेले, तर ते पुन्हा कोठून आणणार?

राजा विक्रम उत्तर देण्यासाठी तोंड उघडी आणि वेताळ निसटून पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळे. राजा मात्र कधी निराश झाला नाही. दर वेळी तो मागे वळला आणि झाडापाशी गेला. आठवणींचेही तसेच आहे. त्या निसटतात, म्हणूनच त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. ट्रंकेतला अंक हाती घेऊन आजोबा बसले असतील, तर त्यांच्या शेजारी बसावे आणि एवढेच विचारावे, "मग पुढे काय झाले?"