शनिवारी घाणा बंद!

चिंचवडकर, वीकेंडला अलिबागचा प्लॅन फिक्स? मग बीचवर धावण्याआधी नवगावला ब्रेक मारा!

माहीत आहे का? महाराष्ट्रातल्या बेने इस्रायल ज्यूंची स्टोरी इथूनच सुरू होते. परंपरा सांगते, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि वाचले फक्त 7 पुरुष नि 7 बायका. बुडालेल्यांना गावातच पुरलं. तिथे आज स्मारक आहे.

वाचलेल्यांनी पोटापाण्याला धंदा धरला तेलाचा. पण शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. घाणा बंद! म्हणून कोकणाने नाव पाडलं ‘शनिवार तेली’. आपल्या एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, यांना शनिवारची. आणि तीही लोडशेडिंगविना!

हे ज्यू आहेत, हे कळलं कसं? माशांवरून! डेव्हिड राहबी नावाच्या पाहुण्याने म्हणे बायकांना मिक्स मासळी रांधायला दिली. त्यांनी ज्यूंना वर्ज्य असलेले, खवले-पर नसलेले मासे चक्क बाजूला काढले. टेस्ट पास! थोडक्यात, बांगडा इन, कोळंबी आऊट. कोकणात राहून कोळंबी सोडायची म्हणजे श्रद्धा पक्कीच हवी!

ज्यू नियमाप्रमाणे मटणासोबत दूधही वर्ज्य. नो टेन्शन, रश्शाला नारळाचं दूध!

आडनावं वाचा: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, म्हणजे अभिनेते डेव्हिड, हे चेऊलकर. गाव चौल!

आणि खंडाळा माहीत आहे ना? घाटातला नव्हे हो, अलिबागजवळचा! तिथल्या खडकावर प्रेषित एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा. त्याच्या नावाने मलिदा होतो. साहित्य? पोहे, खोबरं, गूळ, फळं. अस्सल कोकणी प्रसाद!

टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

पुण्यानेही हजेरी लावलीय. हग्गादा, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडण सणाला वाचायची पोथी, 1874 मध्ये इथे मराठी भाषांतरासह छापली गेली. चित्रांत साडीतल्या बायका!

1948 नंतर बहुतेकांनी इस्रायल गाठलं. मराठी मात्र सामानातून सुटली नाही. ‘मायबोली’ नावाचं मासिक तिथे निघालं.

महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 मध्ये. अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग बघायचंय? मग शनिवार सोडून जा. तो दिवस प्रार्थनेचा, रील्सचा नाही!