डिझेल गाडी घ्यायची ठरली, पण ती चालणार किती?

आज चारचाकी गाडीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, हा काय बायांचा विषय? मागे केज तालुक्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचतीचे पैसे मोजून झाले, वही मिटली, आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "उसाचं बिल आलं की आमच्याकडं गाडी घ्यायची ठरलंय. डिझेलचीच. कर्जाच्या कागदावर माझी सही पाहिजे म्हणतात. गाडी कोणती, ते मात्र मला कुणी सांगितलं नाही."

सहकर्जदार म्हणून सही केली की ते कर्ज आपलंही होतं. हप्ते थकले तर नवऱ्याबरोबर आपलंही सिबिल बिघडतं. पुढे शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी बँकेत गेलं की तोच कागद आडवा येतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

घरात गाडीची चर्चा सुरू होते ती कंपनीच्या नावानं. बोलेरो की नेक्सॉन, सॉनेट की व्हेन्यू. माझं म्हणणं असं, की पहिला प्रश्न तो नाहीच. गाडी वर्षाला किती किलोमीटर चालणार, हा पहिला प्रश्न. त्या ताईंना मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगितलं. आठवडी बाजार आणि किरकोळ कामं, केजला जाऊन-येऊन २५ किलोमीटर, वर्षाचे झाले १,३००. सासऱ्यांची तपासणी, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा, जाऊन-येऊन ७०, वर्षाचे ८४०. मुलगी पुण्याला शिकते, तिच्यासाठी वर्षात चार खेपा, साडेपाचशेच्या हिशेबानं २,२००. माहेर, लग्नं, देवदर्शन मिळून धरा २,०००. बेरीज ६,३४०. ताई म्हणाल्या, "एवढंच? मला तर वाटलं गाडी रोज पळणार." रोज पळेल असं सगळ्यांनाच वाटतं. पण शेतात मोटारसायकल जाते, आणि एसटीत २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट आहे. बीडहून अहिल्यानगरला १७ सप्टेंबर २०२५ पासून रेल्वेही सुरू झाली.

आता डिझेलचा हिशेब. समजा पेट्रोलची गाडी ९ लाखांची आहे आणि तीच गाडी डिझेलमध्ये सव्वा लाखानं महाग, म्हणजे १० लाख २५ हजारांची. शिवाय आरटीओत भरायचा एकरकमी कर. महाराष्ट्रात वैयक्तिक नावाच्या पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के कर आहे. डिझेलवर तोच १३ आणि १४ टक्के. म्हणजे पेट्रोल गाडीचा कर ९९ हजार, डिझेलचा १ लाख ४३ हजार ५००. दोन्ही मिळून डिझेलसाठी आपण १ लाख ६९ हजार ५०० रुपये जास्त मोजले.

ते परत कसे येणार? हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडी लिटरला १४ किलोमीटर देते, डिझेल गाडी १८. (कंपनी सांगते तो आकडा चाचणीतला असतो, आपल्या रस्त्यावर तो कमीच भरतो.) पेट्रोलला किलोमीटरमागे साडेसात रुपये पडले, डिझेलला पाच रुपये अकरा पैसे. बचत साधारण दोन रुपये चाळीस पैसे. जास्तीचे १ लाख ६९ हजार वसूल व्हायला गाडी ७० हजार किलोमीटर पळाली पाहिजे. ताईंच्या घरची गाडी तेवढी पळायला अकरा वर्षं लागतील. ज्यांच्या घरी कुणी नोकरीसाठी रोज तालुक्याला ये-जा करतं, किंवा कामासाठी दर दोन-चार दिवसांनी छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, त्यांचे वर्षाला १८ हजार किलोमीटर सहज होतात. त्यांना डिझेल चार वर्षांत परवडतं. तुमच्या भागातले भाव घालून हाच हिशेब घरी करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पैशाखेरीज डिझेलची खरी ताकद आहे ती ओढीत. सात-आठ माणसं, मागे धान्याचं पोतं आणि समोर धारूरचा नाहीतर मांजरसुंब्याचा घाट असला की फरक कळतो. नेक्सॉनचंच बघा. पेट्रोल इंजिनाची ओढ १७० न्यूटन मीटर, डिझेलची २६०. चढावर सारखा गिअर बदलावा लागत नाही. भरल्या गाडीनं घाट चढणं नेहमीचंच असेल तर डिझेल घेण्याला अर्थ आहे.

पण आजचं डिझेल इंजिन म्हणजे जुनी जीप नव्हे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक जाळी बसली. तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी स्वतःच ती तापवून जाळते. पण त्यासाठी इंजिन चांगलं गरम व्हावं लागतं, मोठ्या रस्त्यावर एका वेगानं पंधरा-वीस मिनिटं गाडी चालावी लागते. आपली गाडी घरून शाळेत, शाळेतून दुकानात अशी दोन-दोन किलोमीटरच फिरली तर जाळी तुंबते, समोर दिवा लागतो, आणि तरी दुर्लक्ष केलं तर खर्च मोठा येतो. म्हणजे कमी चालणाऱ्या डिझेल गाडीत दुहेरी तोटा. काही गाड्यांत डीईएफ नावाचं वेगळं द्रवही भरावं लागतं. ते संपल्यावर गाडी पुन्हा चालूच होत नाही. घ्यायच्या आधी विचारून ठेवा. आणि ट्रॅक्टरसाठी घरात ड्रममध्ये साठवलेलं डिझेल या गाडीत ओतू नका. त्यात पाणी किंवा कचरा असला तर इंजेक्टर खराब होतात.

आणखी एक अफवा आहे, डिझेल गाडी दहा वर्षांत भंगारात जाते. तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरता आहे. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती वाढवून मिळते.

आता गाड्यांकडं येऊ. या सगळ्या गाड्या चार मीटरच्या आत का असतात? सरकारचा कर तसा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरपेक्षा आखूड गाडीला करात सवलत मिळत आली, डिझेल असेल तर इंजिन १,५०० सीसीपर्यंत हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. म्हणून २००० साली आलेली बोलेरोसुद्धा २०१६ मध्ये आखूड झाली.

डिझेलची निवड पूर्वीइतकी मोठी राहिली नाही. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं, त्यामुळे डिझेलची ब्रेझा आता जुनीच मिळते. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवलं, म्हणून जुनी इकोस्पोर्ट स्वस्त दिसली तरी आधी सुट्या भागांची चौकशी करा. नव्यात उरल्या बोलेरो, बोलेरो निओ, नाशिकला बनणारी महिंद्राची थ्री एक्स ओ, टाटाची नेक्सॉन, किआची सॉनेट, ह्युंदाईची व्हेन्यू अशा मोजक्याच गाड्या. नेक्सॉन रांजणगावला बनते, पुण्याला जाताना वाटेत लागतं तेच.

खरी निवड इथं आहे: सात जागा की सुरक्षितता? बोलेरो आणि निओमध्ये सात जण बसतात, बाकी चौघींत पाचच. बोलेरो मजबूत, मागच्या चाकांनी ओढणारी, चिखलवाटेला चांगली, आणि दुरुस्ती करणारा मिस्त्री गावोगाव मिळतो. मात्र तिच्या मागच्या जागा आडव्या, समोरासमोर आहेत. मुलं तिथं बसवली की सामानाला जागा उरत नाही, आणि धडकेत ती जागा धोक्याची. निओला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाचपैकी एकच तारा मिळाला. भारत एनकॅप ही आपल्या देशाची चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात नेक्सॉन आणि थ्री एक्स ओ दोघींना पाच तारे आहेत. या दोन्हींत आणि सॉनेट, व्हेन्यूतही सहा एअरबॅग असतात, बोलेरोत दोन. घरात आठ माणसं आहेत म्हणून सात जागांची गाडी, असं आपण पटकन म्हणतो. पण वर्षातून सगळे एकदम किती वेळा निघता, तेही वहीत लिहून पाहा. लग्नाला लागते ती मोठी गाडी भाड्यानंही मिळते. माझं मत विचाराल तर मी पाच जागांच्या आणि पाच ताऱ्यांच्या गाडीकडं झुकेन. ज्यांचा रस्ता पावसाळ्यात रस्ताच राहत नाही, त्यांना बोलेरोच हवी असेल, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

"अधूनमधून भाडं मारू, हप्ता निघेल," हेही घरोघरी ऐकते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवायला परवानगी नाही. तशा खेपेत अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाडं मारायचंच असेल तर पिवळी पाटी आणि परवाना लागतो.

एक गोष्ट मात्र आपल्या पिशवीतली आहे. लाडकी बहीण योजनेच्या अटीत ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन कुटुंबातल्या सदस्याच्या नावावर असेल तर बाई अपात्र ठरते. महिन्याचे १,५०० म्हणजे वर्षाचे १८ हजार रुपये गाडीच्या खर्चात धरा. घरातले पुरुष हा आकडा धरत नाहीत, कारण तो त्यांच्या खात्यात येत नाही.

आणि हप्ता. ८ लाख कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला सुमारे १६,८०० रुपये, सात वर्षांसाठी घेतलं तर १३,०७५. सात वर्षांचा हप्ता हलका दिसतो, पण व्याज दोन लाखांवरून जवळजवळ तीन लाखांवर जातं. आपल्याकडं पैसा महिन्याला येत नाही. ऊस, कापूस, सोयाबीन ज्या महिन्यात विकलं त्या महिन्यात येतो. काही ठिकाणी शेतकऱ्याला सहामाही हप्ता बांधून देतात, तो मागून पाहा. शोरूममध्ये "ऑन रोड" किमतीचा तपशील कागदावर घ्या. विमा त्यांच्याकडूनच घ्यायचं बंधन नाही, बाहेरचा दर विचारा.

त्या केजच्या ताई नंतर शोरूममध्ये गेल्या, सासूबाईंना घेऊन. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बोलेरोत त्यांना दोघींनी धरून चढवावं लागलं, दुसऱ्या एका गाडीत त्या आपल्या आपण बसल्या आणि म्हणाल्या, "ही बरी." विकणारा पोरगा डिझेलचं सांगत होता. ताईंनी पिशवीतून वही काढली आणि त्याला विचारलं, "हीच पेट्रोलमध्ये केवढ्याला?" अजून गाडी घेतलेली नाही. उसाचा दुसरा हप्ता जमा झाल्यावर बघू, असं सांगून आल्यात.