ह्यूऑन पाइन

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील एक दुर्मिळ, दीर्घायुषी व अत्यंत मंद वाढीचा प्रकटबीज वृक्ष आणि त्याचे मोलाचे इमारती लाकूड. शास्त्रीय नाव लॅगॅरोस्ट्रोबॉस फ्रँक्लिनाय, कुल पोडोकार्पेसी. नावात ‘पाइन’ असले, तरी चीड वगैरे खऱ्या पाइन वृक्षांच्या पाइनेसी कुलाहून हे कुल वेगळे आहे. ‘ह्यूऑन’ हे नाव त्याच नावाच्या नदीवरून आले असून नदीचे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे आलेल्या ह्यूऑन द केरमाडेक या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यावरून पडले आहे. जातिवाचक नाव टास्मानियाचे गव्हर्नर सर जॉन फ्रँक्लिन यांच्या स्मरणार्थ आहे. या प्रजातीत आज ही एकच जाती जिवंत आहे; मात्र तिच्या पूर्वजांचे परागकण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या निक्षेपांत अंटार्क्टिकापर्यंत आढळले आहेत.

बेटाच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागांतील थंड, अतिपर्जन्याच्या प्रदेशात नद्यांच्या काठी व सरोवरांभोवती हा वृक्ष वाढतो. उंची सामान्यतः २० ते ३० मी. पाने बारीक, खवल्यांसारखी, फांद्या लोंबत्या. नर व मादी वृक्ष बहुधा वेगवेगळे असतात. जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटून, दाबकलमाप्रमाणे, नवीन झाडे तयार होतात. मौंट रीडच्या उतारावरील एक नरवृक्षांचा समूह असाच एका मूळ वृक्षापासून हजारो वर्षांत पसरला आहे. खोडाचा व्यास वर्षाला सरासरी सु. १ मिमी. वाढतो, म्हणजे ६० सेंमी. जाडीच्या खोडास सु. ६०० वर्षे लागतात. दोन हजारांहून अधिक वर्षे वयाचे वृक्ष ज्ञात आहेत. मौंट रीड येथील जिवंत झाडे व पडलेले ओंडके यांच्या वार्षिक वलयांवरून हजारो वर्षांच्या उन्हाळी तापमानातील चढउतारांचा अंदाज बांधता आला आहे.

लाकडाचे गुणधर्म : लाकूड फिकट पिवळे असून कालांतराने सोनेरी होते. वलये अत्यंत जवळजवळ असल्याने पोत बारीक व एकसारखा असतो. काही फळ्यांवर पक्ष्याच्या डोळ्यासारख्या ठिपक्यांची नक्षी दिसते व त्यांना अधिक भाव येतो. सागाच्या तुलनेने ते हलके आहे. वाळताना ते फारसे आकसत नाही, सहज वाकवता येते व रंध्याने गुळगुळीत होते. त्याच्यात मिथिल युजेनॉलाचे प्रमाण अधिक असलेले सुगंधी बाष्पनशील तेल असते. या तेलामुळे बुरशी, कीटक व समुद्रातील लाकूड पोखरणारे प्राणी यांचा उपद्रव त्यास सहसा होत नाही. याच कारणाने शतकानुशतके चिखलात किंवा जंगलाच्या ओल्या जमिनीवर पडलेले ओंडकेही कापल्यावर आतून निरोगी निघतात. सांधकामात मात्र हेच तेल सरसाची पकड कमी करू शकते. मिथिल युजेनॉल तुळशीच्या काही प्रकारांतही असते. कोकणातील आंबाबागांत फळमाशीचे नर पकडण्याच्या सापळ्यांत आमिष म्हणून हेच द्रव्य वापरतात.

इतिहास : १८२२ मध्ये मॅक्वारी उपसागरातील सेरा बेटावर ब्रिटिशांनी कैद्यांची वसाहत स्थापिली. तेथील कैदी गॉर्डन नदीच्या काठचे वृक्ष तोडून जहाजे बांधीत. वसाहत १८३३ मध्ये बंद झाली. तेथे बांधलेले ‘फ्रेडरिक’ हे अखेरचे जहाज जानेवारी १८३४ मध्ये दहा कैद्यांनी पळवून चिलीपर्यंत नेले. पुढे ‘पाइनर’ म्हणून ओळखले जाणारे लाकूडतोडे वल्ह्यांच्या होड्यांतून नद्यांच्या वरच्या भागात जाऊन महिनोन्‌महिने राहत. हे लाकूड ताजे असतानाही पाण्यावर तरंगते. त्यामुळे खुणा केलेले ओंडके पुरात सोडून देत व उपसागरात तराफ्यांना बांधून स्ट्रॅहनच्या गिरण्यांकडे नेत. तोड, वणवे, खाणकाम व धरणे यांमुळे वृक्षांची संख्या फार घटली. १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या गॉर्डन धरणाच्या जलाशयाखाली या वृक्षांचे मोठे क्षेत्र गेले. त्याच नदीवर फ्रँक्लिनच्या संगमाखाली योजिलेले दुसरे धरण १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या निर्णयाने थांबले. उरलेली बहुतेक वने आता संरक्षित आहेत. त्यांपैकी बरीच १९८२ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या प्रदेशात येतात.

पुनर्प्राप्त लाकूड व उपयोग : सध्याचा पुरवठा मुख्यत्वे मृत लाकडावर अवलंबून आहे. धरणाचे पाणी चढण्यापूर्वी तोडून साठविलेले ओंडके, जलाशयांत बुडालेली वा तरंगणारी खोडे, नदीकाठी वाहून आलेले लाकूड आणि टीपूकाना पठारावर जुन्या तोडीनंतर राहिलेले बुंधे व ओंडके परवान्याने गोळा केले जातात. पूर्वी जहाजांच्या फळ्यांसाठी सर्रास वापरले जाणारे हे लाकूड आता लाकडी होड्या, उंची फर्निचर, कातकाम, कोरीवकाम व वाद्ये यांपुरते उरले आहे. लहान तुकडेही वाया जाऊ देत नाहीत. भुसा व ढलप्यांपासून ऊर्ध्वपातनाने तेल काढतात.

हा साठा मर्यादित आहे. लागवडीतून आज लावलेले रोप कापण्याजोगे होण्यास अनेक शतके लागतील, म्हणून साग किंवा निलगिरीप्रमाणे व्यापारी लागवड शक्य नाही. वणव्यात जळलेली वने क्वचितच पुन्हा उभी राहतात आणि पश्चिम टास्मानियात २०१६ व २०१९ मध्ये विजांमुळे मोठे वणवे लागल्यानंतर ही चिंता वाढली आहे. जुन्या तोडीचे अवशेष संपल्यावर या लाकडाचा पुरवठा कशातून व्हावा, या प्रश्नाला जिवंत वृक्षांना हात लावल्याशिवाय उत्तर नाही. म्हणूनच हाती असलेले लाकूड टिकाऊ व मोलाच्या वस्तूंसाठीच वापरणे इष्ट मानले जाते.