विश्लेषण : मुलाखतीआधीच अर्ज बाद का होतो? वरिष्ठ सरकारी पदांसाठी ‘अनुभव’ नेमका कसा लिहायचा?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये सहसचिवांची १० पदे ‘लॅटरल एंट्री’ने भरायची ठरवली. त्यासाठी ६,०७७ अर्ज आले. यूपीएससीने मुलाखतीला बोलावले फक्त ८९ जणांना आणि एप्रिल २०१९ मध्ये शिफारस केली नऊ जणांची. लेखी परीक्षा नव्हती. म्हणजे जवळपास सहा हजार लोकांचा निकाल त्यांच्याशी कुणी एक शब्द बोलण्याआधीच, केवळ कागदावर लागला.

ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच ४५ पदांची जाहिरात आली आणि आरक्षणावरून वाद झाल्यावर तीन दिवसांत मागे घेतली गेली. लॅटरल एंट्रीची चर्चा त्यामुळे थंडावली. पण यूपीएससीची नेहमीची पदनिहाय भरती सुरूच असते आणि तिथेही पहिली चाळणी बहुतेक वेळा अर्जावरूनच लागते.

तुमसरशी याचा काय संबंध?

तालुक्यात मॉयलच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. एक भूमिगत, दुसरी खुली. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे. ब्युरोतील आणि खाण सुरक्षा महासंचालनालयातील अधिकाऱ्यांच्या अनेक पदांची निवड यूपीएससी करते. खाणीत आठ-दहा वर्षे काढलेल्या अभियंत्यासाठी ही पदे आवाक्यातली आहेत. अडचण लायकीची नसते, ती लायकी अर्जात दिसत नाही ही असते.

अर्ज वाचणारा काय शोधतो?

जाहिरातीत दोन गोष्टी वेगळ्या दिलेल्या असतात : अत्यावश्यक अर्हता आणि वांछनीय अर्हता. पहिली नसेल तर अर्ज तिथेच संपला. पण पहिली आहे म्हणून बोलावणे येईलच, असे नाही. अर्ज जास्त आले तर वांछनीय अर्हता, वरचे शिक्षण किंवा जास्तीचा अनुभव पाहून यादी छोटी केली जाते किंवा चाळणी परीक्षा घेतली जाते. म्हणूनच किमान अटीपेक्षा जास्त जे काही आहे तेही लिहा, असे आयोग सूचनांमध्ये स्वतःच सांगतो. ‘तीन वर्षे मागितलीत, तीन दाखवली’ म्हणून थांबणारे नऊ वर्षांचा अनुभव असूनही मागे पडतात. एमपीएससीच्या सरळसेवा भरतीतही किमान अर्हता म्हणजे मुलाखतीचा हक्क नव्हे.

आता समजा, एखाद्याने लिहिले : ‘खाणीत सहायक व्यवस्थापक म्हणून उत्पादन व सुरक्षेची सर्व कामे यशस्वीपणे पाहिली.’ वाचायला बरे वाटते, पण यातून मोजता येईल असे काहीच हाती लागत नाही. हेच असे लिहिता येईल : ‘१ जुलै २०१६ ते ३० जून २०२१, भूमिगत मँगनीज खाण, सहायक व्यवस्थापक. एका पाळीतील ८० कामगारांची वैधानिक जबाबदारी. छताला आधार देण्याची पद्धत बदलण्याचा आराखडा केला, तो राबवला.’ तारीख, खाणीचा प्रकार, जबाबदारी, स्वतः केलेले काम. जाहिरातीत ‘भूमिगत खाण’ हा शब्द असेल तर तोच शब्द तुमच्या अर्जात आला पाहिजे. छाननी करणाऱ्याने अंदाज बांधावा, अशी अपेक्षा ठेवू नका.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या सर्वोच्च प्रशासकीय पदांसाठी अनेक वर्षे दहा पानांपर्यंतचे निवेदन लिहावे लागे. त्याचा सांगाडा ठरलेला होता : आव्हान, परिस्थिती, कृती, परिणाम. २०२५ मध्ये ही निबंधवजा पद्धत तिथे बंद झाली आणि दोन पानी रिझ्युमे आला. आपल्या रकान्यात दहा पानांना जागा नाहीच, पण ‘मी काय केले आणि त्याने काय बदलले’ हे दोन वाक्यांत बसते.

अनुभव कधीपासून मोजतात?

इथे सर्वाधिक फसगत होते. अनेकदा अत्यावश्यक पदवी मिळाल्यानंतरचाच अनुभव धरला जातो. पदविकेवर सहा वर्षे नोकरी, मग पदवी आणि त्यानंतर चार वर्षे नोकरी, असे असेल तर पदवी मागणाऱ्या पदासाठी तुमची वर्षे चारच धरली जाऊ शकतात. अर्धवेळ, रोजंदारी किंवा अतिथी व्याख्याता म्हणून केलेले काम छाननीत धरत नाहीत. सगळी मोजणी अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंतची.

आणि प्रत्येक दाव्यामागे कागद लागतो. ‘अमुक हे आमच्याकडे कार्यरत होते, वर्तणूक चांगली होती’ एवढ्याच मजकुराचे प्रमाणपत्र जवळपास निरुपयोगी आहे. लेटरहेडवर पदनाम, नेमक्या तारखा, वेतन, कामाचे स्वरूप आणि सक्षम अधिकाऱ्याची सही हवी. अर्जात एक आणि प्रमाणपत्रात दुसरे असेल तर प्रमाणपत्रच खरे धरले जाणार. त्यामुळे आधी प्रमाणपत्र हातात घ्या, मग रकाना भरा. वाढवून लिहिण्याचा मोह नकोच. खोटी माहिती दिल्यास पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते.

सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातील नोकरदारांनी कार्यालयप्रमुखांना लेखी कळवल्याचे हमीपत्र द्यावे लागते. गुपचूप अर्ज करून नंतर बघू, हे इथे चालत नाही. कार्यालयाने आयोगाला परवानगी नाकारल्याचे कळवले तर अर्ज रद्द होऊ शकतो.

अर्ज कुणी भरावा?

गावात ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरून घेण्याची पद्धत आहे. नाव, पत्ता, फोटो, २५ रुपये शुल्क यासाठी ते ठीक (महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तेही माफ आहे). पण ‘कामाचे स्वरूप’ हा रकाना सेंटरवाल्या मुलावर सोडू नका. तो मागच्या उमेदवाराचा मजकूर चिकटवून मोकळा होईल आणि मुलाखतीत प्रश्न त्याच मजकुरावर तुम्हाला विचारले जातील. मजकूर घरीच मोबाइलवर टाइप करा, जाहिरातीतली प्रत्येक अट समोर ठेवून तपासा आणि मगच सेंटरवर जा. अर्जाला साधारण दोन-तीन आठवडेच मिळतात. जुन्या कंपनीकडून नीट प्रमाणपत्र मिळवायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून त्याची मागणी जाहिरात येण्याआधीच करून ठेवलेली बरी.